त्रयोदशीचा शोक आणि श्रीनामदेवराय

कार्तिकी एकादशीचे पारणे सुटते, पौर्णिमेला काकड्याची समाप्ती होते आणि वारकऱ्याचे मन पंढरीहून आळंदीकडे वळते. पंचांगाच्या हिशेबाने कार्तिक शरदातच मोडतो, हेमंत लागतो तो मार्गशीर्षात. परंतु कार्तिक वद्य पक्षातील पहाटे इंद्रायणीच्या पाण्यात ज्याने पाय घातला आहे, तो या हिशेबास मान डोलावणार नाही. घाटावर धुके असते, टाळाची पितळ हातास चटका दिल्यासारखी गार लागते आणि पखवाजाच्या धुमेला लावायची कणीक मळताना बोटे आखडतात. अशा थंडीत लाखो माणसे तेथे जमतात ती एका वियोगासाठी. आपले बहुतेक उत्सव जन्माचे किंवा विजयाचे आहेत. रामनवमीला पाळणा हालतो, गोकुळाष्टमीला हंडी फुटते, दसऱ्याला सोने वाटतात. कार्तिक वद्य त्रयोदशीला मात्र ऐन एकविशीतल्या ज्ञानियाला निरोप द्यावयाचा असतो. आणि हा निरोप आपण ज्या शब्दांनी देतो ते शब्द श्रीनामदेवरायांचे आहेत.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा. जन्मस्थान हिंगोली जिल्ह्यातील नरसी की पंढरपूर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यात आज शिरावयाचे कारण नाही. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. घरात विठ्ठलाची भक्ती पिढीजात होती. बाळपणी नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवून, देव जेवत नाही म्हणून रडून आकांत करणाऱ्या नामदेवांची कथा प्रत्येक घरातील आजीने नातवंडांना सांगितलेली असते. ती मी येथे विस्ताराने सांगत नाही. एवढेच लक्षात आणून देतो की, या चरित्रातील पहिलाच प्रसंग अश्रूंचा आहे. देव समोर असून बोलत नाही, हे ज्या मुलाला सोसवले नाही, त्याच्या वाट्याला पुढे जन्मभर माणसांचे निरोप आले.

तरुणपणी त्यांचा विवाह राजाईशी झाला. नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार पुत्र झाले. प्रपंच ओढगस्तीचा होता, आणि शिवणकामापेक्षा महाद्वारी वाळवंटात उभे राहून कीर्तन करण्याकडे नामदेवांचा ओढा अधिक होता. गोणाईचे व राजाईचे गाऱ्हाणे सांगणारे अभंगही नामदेवांच्या गाथेत आले आहेत. संताच्या घरचे दारिद्र्य घरातील स्त्रियांनी कसे काढले, ते या अभंगांत उघडे दिसते. कीर्तनकाराने हा भाग गाळू नये असे मला वाटते.

पुढे ज्ञानेश्वरादी भावंडांची भेट झाली. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा प्रसिद्धच आहे. सगुणाच्या प्रेमात बुडालेल्या नामदेवांना हा अपमान झोंबला. त्यानंतर औंढ्या नागनाथाच्या क्षेत्री विसोबा खेचरांकडून त्यांना उपदेश झाला आणि देव सर्वत्र भरला आहे, हा बोध त्यांच्या ठायी स्थिर झाला. ज्ञानेश्वर महाराजांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. या यात्रेचे वर्णन तीर्थावळीच्या अभंगांत आहे. यात्रेत एकाजवळ ज्ञान होते आणि दुसऱ्याजवळ प्रेम. वाटेने दोघे एकमेकांस काय देत गेले, ते त्या अभंगांतूनच वाचावे.

यात्रा संपली. शके १२१८, इसवी सन १२९६. त्याच वर्षाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर होऊन गेली होती. रामदेवराव यादवांचे वैभव ओसरू लागले होते. अशा काळात ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेण्याचा मनोदय सांगितला. नामदेवांचे वय तेव्हा सव्वीस. ज्याच्या समाधीला जावयाचे तो त्यांच्याहून पाच वर्षांनी धाकटा. वडीलधाऱ्याने धाकट्याला पोचविण्यास जावे, यासारखे दुःख नाही.

समाधीप्रकरणाच्या अभंगांत नामदेवरायांनी तो सोहळा पायरीपायरीने उभा केला आहे. पंढरीहून देव आणि संतमेळा आळंदीस येतो. एकादशीचा जागर होतो, द्वादशीचे पारणे होते. नामदेवांची मुले समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. बेल, तुळस, फुले आणून ठेवतात. मग एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने निवृत्तिनाथ हात धरून ज्ञानदेवांना आत नेऊन बसवितात. समोर ज्ञानेश्वरी ठेवलेली असते. ज्ञानदेव हात जोडतात, डोळे मिटतात. निवृत्तिनाथ बाहेर येऊन समाधीच्या मुखावर शिळा लावतात. येथपर्यंतचे वर्णन एखाद्या पुरोहिताने विधी सांगावा तसे संथ आहे. त्यानंतर मात्र बांध राहत नाही. सोपान आणि मुक्ताई रडतात. ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिले ते निवृत्तिनाथ रडतात. नामदेवांनी तर देवालाही व्याकुळ दाखविले आहे.

येथे शास्त्र जाणणाऱ्याच्या मनात एक शंका येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला प्रथम हेच सांगितले की, जाणते लोक मेलेल्यांचाही शोक करीत नाहीत आणि जिवंतांचाही करीत नाहीत. ज्या ज्ञानेश्वरांनी त्या श्लोकावर मराठीत भाष्य केले, त्यांच्याच समाधीपाशी त्यांचे गुरू रडले, हे कसे? ही शंका केवळ पंडितांची नाही. घरात कोणी गेले की सांत्वनास येणारी मंडळी आत्मा अमर असल्याचे सांगतात आणि रडणाऱ्याला उगाच अपराध्यासारखे वाटू लागते. आपली भक्ती कच्ची म्हणून आपल्याला रडू येते, असे त्यास वाटते. कीर्तन आटोपल्यावर मला हा प्रश्न अनेक घरांतून विचारला गेला आहे, विशेषतः मुले गमावलेल्या आयांकडून.

मी त्यांना नामदेवरायांचा क्रम दाखवितो. विसोबांचा उपदेश त्यांस मिळून गेला होता. त्यानंतरचे हे रडणे आहे. कच्च्या मडक्याचे पाझरणे म्हणावे, तर त्याच वेळी मडके पारखणारी मुक्ताईही रडत होती, आणि तिला कोणी कच्ची म्हणणार नाही. निवृत्तिनाथांच्या अश्रूंची नोंद नामदेवांनी लपविली नाही, त्यावर समर्थनाची झालरही लावली नाही. आदिकवी वाल्मीकींचा शोक क्रौंचाच्या वधाने श्लोकरूप झाला. आमच्या मराठीत तोच चमत्कार आळंदीस झाला, आणि मराठीतील चरित्रलेखनाचा एक मोठा आरंभ या शोकापाशी आहे. ज्ञानदेवांचा जन्म व बालपण सांगणारी आदि, तीर्थावळी आणि समाधी ही तीन प्रकरणे नामदेवांच्या नावावर नसती, तर या भावंडांविषयी आपणांस किती माहिती असती? नामदेवांच्या नावावरील काही रचना पुढील काळातील विष्णुदास नामा या कवीच्या असाव्यात, असे अभ्यासक दाखवून देतात. तो विचार अवश्य करावा. समाधीच्या प्रसंगातील जिव्हाळा परक्याचा वाटत नाही, हे माझे मत आहे.

आळंदीने प्रसंग संपला नाही. एका महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सासवडला कऱ्हेच्या काठी सोपानदेवांनी समाधी घेतली. ते एकोणीस-वीस वर्षांचे होते. माघ वद्य त्रयोदशीस गोदावरीकाठी पुणतांब्याला चांगदेव विसावले. वैशाख वद्यात तापीच्या तीरी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. ज्येष्ठ वद्यात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांनी देह ठेवला. अवघ्या सात-आठ महिन्यांत हे सारे झाले. तीन त्रयोदश्या थंडीच्या, आणि प्रत्येक ठिकाणी मागे उरलेल्यांत नामदेव. एका गावाची शोकयात्रा संपवून दुसऱ्या गावाची वाट धरावयाची, असे ते दिवस होते.

वाचकहो, ही कऱ्हा आपल्याला परकी नाही. सासवडला सोपानदेवांच्या समाधीपासून निघालेले तेच पाणी मोरगावावरून बारामतीस येते आणि सोनगावजवळ नीरेस मिळते. तेथून जवळच असलेल्या सणसरास मार्गशीर्षात कीर्तनास उभे राहण्याचा योग मला अनेक वेळा आला. त्या दिवसांत भवानीनगरच्या कारखान्याचे गाळप चालू असते, रात्रभर उसाच्या गाड्या वाजत असतात, कालव्यावरून बोचरा वारा येतो. श्रोते घोंगड्या, शाली लपेटून, कानटोप्या ओढून बसलेले. ऊसतोडीची माणसे कोपीवरून येऊन मागे उभी राहतात. सोपानदेवांचे आख्यान लागले की मी लय विलंबित घेतो, टाळकऱ्यांना टाळ दाबून वाजविण्यास सांगतो. भैरवीच्या अंगाने चाल घेतली तर ती मनास फार लागते, म्हणून काही कीर्तनकार ती टाळतात. मी टाळत नाही. ज्यास घरी रडावयास मिळाले नाही, त्याने तेथे रडावे.

सणसरचा नामदेवरायांशी आणखी एक धागा आहे. आषाढात देहूहून पंढरीस निघालेली तुकोबारायांची पालखी सणसरास मुक्काम करते. या तुकोबारायांना कवित्वाची आज्ञा कोणी केली? स्वप्नात पांडुरंगासह नामदेव आले आणि त्यांनी आपला शतकोटी अभंगांचा राहिलेला संकल्प पुरा करण्यास सांगितले, असे तुकोबांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. तीनशे वर्षांमागे होऊन गेलेला शिंपी देहूच्या वाण्याच्या स्वप्नात येऊन उरलेले काम सोपवितो! आषाढात ज्या गावच्या अंगणात ती पालखी विसावते, त्याच गावात मार्गशीर्षाच्या रात्री नामदेवांचा शोक गाइला जातो.

असो. चरित्राकडे वळू.

ज्ञानेश्वरांच्या मागे नामदेव चौपन्न वर्षे जगले. शोक करणाऱ्या माणसाने पुढे काय केले, हे पाहिल्यावाचून त्याच्या शोकाची किंमत कळत नाही. ते उत्तरेकडे गेले. परंपरा सांगते की पंजाबात त्यांचे वास्तव्य सुमारे वीस वर्षे होते. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने आजही ओळखले जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, ते याच नात्याने. मराठी शिंप्याने परमुलखात जाऊन त्यांच्या बोलीत पदे रचली. १६०४ साली शीखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला, त्यात नामदेवांची पदे आदराने घेतली गेली. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे असून ती निरनिराळ्या रागांखाली दिलेली आहेत. दरवर्षी माघाच्या आरंभी, जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, घुमानला त्यांच्या स्मरणार्थ मेळा भरतो. तिकडची थंडी आपल्या आळंदीच्या थंडीला हसेल अशी.

पंढरीस परत आल्यावरही त्यांच्या वाट्याचे निरोप संपले नव्हते. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा व इतर मजूर गाडले गेले. नामदेव तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचे वृद्ध. ते मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातील अस्थींतून चोखोबांच्या अस्थी निवडावयाच्या कशा? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या त्यांनी उचलल्या, असे भाविक सांगतात. त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांनी चोखोबांची समाधी केली. ज्याला जिवंतपणी देवळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही, त्याला नामदेवांनी देवाच्या दृष्टीसमोर जागा दिली. ज्ञानदेवांच्या समाधीची जागा त्यांच्या मुलांनी झाडली होती. चोखोबांच्या अस्थी त्यांनी स्वतः वेचल्या. त्या काळच्या कर्मठांस हे किती रुचले असेल, याची कल्पना करावी.

शके १२७२, इसवी सन १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. पुन्हा त्रयोदशीच. ऐंशी वर्षांच्या नामदेवरायांनी पंढरीच्या महाद्वारी कुटुंबीयांसह समाधी घेतली. देवळात जाणाऱ्या संतांचे पाय आपल्यावर पडावेत, म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. आजही जाणता वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही. वाकून तिला हात लावतो, हात कपाळी नेतो आणि ओलांडून पुढे जातो.

दरवर्षी कार्तिक वद्यात पंढरपुराहून नामदेवरायांची पालखी आळंदीस येते. त्रयोदशीस समाधीप्रसंगाचे कीर्तन नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्याकडे असते. ज्याने तो निरोप पाहिला, त्याच्याच घरच्यांनी तो सांगावा, असा हा रिवाज. कीर्तन चालू असता सभामंडपात आणि बाहेर रांगांत म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसत असतात. माध्यान्ही समाधीवर फुलांचा वर्षाव होतो, घंटा वाजू लागतात, आणि टाळ काही क्षण हातातल्या हातात थांबतात.