उरलेली ताकद मोजणारे डॉक्टर

मणका मोडला की माणूस कामातून गेला, असे आजही अनेक घरांत धरून चालतात. एके काळी डॉक्टरही तेच मानत. ही समजूत मोडून काढली डॉ. लुडविग गुटमन यांनी.

त्यांचा जन्म १८९९ मध्ये तेव्हाच्या जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात मदतनीस असताना त्यांनी पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार पाहिला. त्याच्या वाचण्याची आशा सगळ्यांनीच सोडली होती. काही आठवड्यांत तो गेला. पुढे गुटमन मज्जासंस्थेचे तज्ज्ञ झाले. १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली आणि १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले.

१९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या हाती आला. असे रुग्ण बहुधा अंथरुणातल्या जखमा आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, अगदी रात्रीही, कूस बदलण्याची शिस्त लावली. रुग्ण जगू लागले. मग त्यांनी पाय सोडून उरलेल्या शरीराकडे लक्ष वळवले. खांदे, हात, बोटे, बसण्याचा तोल. त्यानुसार कुणाला सुतारकाम, कुणाला घड्याळदुरुस्ती, कुणाला टंकलेखन दिले. हात आणि धड बळकट व्हावे म्हणून तिरंदाजी आणली. २९ जुलै १९४८ रोजी १६ जणांची स्पर्धा झाली. त्यातूनच पॅरालिम्पिक उभे राहिले.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील पेठचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला याच स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. १९८० मध्ये गुटमन यांचे निधन झाले.

त्यांची पद्धत आजही उपयोगी आहे. दाखल्यावरची टक्केवारी शरीराचे किती नुकसान झाले ते सांगते. कोणते काम जमेल, ते सांगत नाही. त्यासाठी किती वेळ बसता येते, पकड किती आहे, वजन किती उचलते, दम कधी लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते का, हे तपासावे लागते. महाबळेश्वरच्या उतारावर ओणवे राहून स्ट्रॉबेरी तोडणे ज्याला जमणार नाही, त्याला बसून फळांची प्रतवारी कदाचित जमेल. म्हणून फिजिओथेरपी विभागात जाताना आजार सांगाच, पण रोजचे काम काय होते, तेही नीट सांगा. तपासणी त्या कामाच्या मापाने झाली, तरच सल्ला उपयोगी पडतो.