हुकमाविना रस्त्यावर उतरलेला जनरल

फ्रेडरिक फन्स्टन हे नाव ऐकलंय तुम्ही? १९०१ मध्ये या अमेरिकन अधिकाऱ्याने फिलिपिन्सचा नेता अग्विनाल्डोला चक्क बनाव रचून पकडलं. कुणी हीरो म्हणालं, कुणी कपटी.

मग १८ एप्रिल १९०६. पहाटे भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को हादरलं, पाठोपाठ आगी. वरिष्ठ जनरल ग्रीली मुलीच्या लग्नाला निघालेले, त्यामुळे सूत्रं फन्स्टनकडे. वॉशिंग्टनच्या हुकमाची वाट न बघता त्याने सैनिक थेट रस्त्यावर उतरवले. लष्कराने तंबू ठोकले, अन्न वाटलं. शहर वाचवणारा म्हणून त्याचा उदोउदो झाला. पण आग अडवायला उडवलेल्या इमारतींमुळे ती काही ठिकाणी उलट पसरली, हे मागे पडलं. महापौरांनी लुटारूंना गोळ्या घालण्याचं फर्मान काढलेलं; त्यात मेलेले सगळे लुटारूच होते का?

१९१७ मध्ये तो गेला. समुद्रकाठच्या फोर्ट फन्स्टनवर आज लोक कुत्री फिरवायला येतात.