लोहाराच्या पोराने तांब्याची चकती फिरवली, तिचं नातं फेरारीच्या मोटरशी आहे

मायकेल फॅरेडे. जन्म १७९१, लंडनजवळचा. बाप लोहार, घरात पैशांची कायमची बोंब. चौदाव्या वर्षी पोरगं बुक बाइंडिंग शिकायला लागलं आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत सुटलं. हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून टिपणं काढली, ती बांधून डेव्हीलाच पाठवली. १८१३ मध्ये त्याच्याच हाताखाली नोकरी लागली.

१८२१ मध्ये फॅरेडेने चुंबकाभोवती विजेची तार फिरवून दाखवली. झालं, वोलास्टनची आयडिया ढापल्याची कुजबुज सुरू. रॉयल सोसायटीत त्याला घ्यायला खुद्द डेव्हीचाच विरोध. तरी १८२४ मध्ये तो निवडून आलाच.

१८३१ मध्ये त्याने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सलग वीज मिळाली. इथे चुंबकीय क्षेत्र चकतीतून आरपार जातं, आसाला समांतर. ॲक्सियल फ्लक्स मोटरमध्येही क्षेत्राची दिशा हीच. नेहमीची मोटर डब्यासारखी, ही भाकरीसारखी चपटी. चुंबकं आसापासून लांब बसतात, म्हणून कमी वजनात टॉर्क जास्त. फेरारीच्या एसएफ ९० हायब्रिडमध्ये अशीच मोटर आहे.

फॅरेडे १८६७ मध्ये गेला. 'सर' हा किताब त्याने घेतलाच नाही.