पाण्याची माती होते का? १०१ दिवस पाणी उकळून लव्हाझिएंनी शोधलं उत्तर

काचेच्या भांड्यात शुद्ध पाणी खूप दिवस उकळत ठेवलं, तर तळाशी पांढरट गाळ दिसतो. तो येतो कुठून? अठराव्या शतकापर्यंत अनेक विद्वानांचं उत्तर होतं की पाण्याचीच माती होते. हा समज खोटा ठरवला आंत्वान लव्हाझिए यांनी.

२६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेले लव्हाझिए शिकले कायदा, पण ओढ होती विज्ञानाची. १७६७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ गेटार यांच्यासोबत फिरताना त्यांनी ठिकठिकाणचं पाणी तपासलं. त्यात विरघळलेलं किती आणि पाण्यातच तयार झालेलं किती, हे कळल्याशिवाय त्या मोजमापांना अर्थ नव्हता.

ऑक्टोबर १७६८ मध्ये त्यांनी ‘पेलिकन’ नावाचं काचेचं भांडं घेतलं. यात वाफ वर जाऊन थंड होते आणि बाजूच्या नळ्यांमधून परत खाली येते. भांडं रिकामं असताना तोललं, पाण्यासकट तोललं, तोंड बंद केलं आणि तब्बल १०१ दिवस तापवलं. गाळ दिसू लागला.

शेवटी पुन्हा वजन केलं. एकूण वजन तेवढंच! पण रिकामं भांडं सुमारे १७ ग्रेनने, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमने हलकं झालं होतं. गाळाचं वजन त्याहून थोडं जास्त भरलं, पण निष्कर्ष उलटेल इतका तो फरक नव्हता. गाळ काचेचाच होता.

काच पाण्यात विरघळते? हो, फार हळू. पाणी काचेतले सोडियम, पोटॅशियमसारखे घटक ओढून घेतं. त्यामुळे ते अल्कधर्मी होतं आणि मग काचेचा मुख्य सांगाडा, म्हणजे सिलिका, झिजू लागतो. उष्णतेने वेग वाढतो. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या जुन्या काचा धुरकट होतात, त्यामागेही हेच कारण असतं.

पुढे १७८३ मध्ये पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हेही लव्हाझिएंनी मांडलं.

पेलिकन चुलीवर चढलं त्याच १७६८ मध्ये त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी कंपनीत भागीदारी घेतली होती. प्रयोगांचा खर्च त्या पैशातून भागला. लोकांचा मात्र या करवसुलीवर प्रचंड राग होता. राज्यक्रांतीत हीच भागीदारी जिवावर बेतली. ८ मे १७९४ रोजी २८ करवसुलीदारांना गिलोटिनवर चढवलं गेलं. त्यात ५० वर्षांचे लव्हाझिए होते आणि त्यांचे सासरेही.