नाइटिंगेल बाईंनी निवडलेली शाळा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा जन्म सन १८२० मध्ये एका श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. रोग्यांची शुश्रूषा शिकावी अशी त्यांस फार उत्कंठा होती. परंतु त्या काळी इस्पितळांत हे काम करणाऱ्या बायकांची दारूबाजीविषयी मोठी अपकीर्ती असे. म्हणून सन १८४५ मध्ये सॉल्झबरीच्या इस्पितळात शिकण्याचा त्यांचा बेत आईबापांनी मोडून काढला. ह्यात आईबापांस सर्वस्वी दोष देता येत नाही.

पुढल्या वर्षी कायझर्सवर्थचा अहवाल बाईंच्या हाती आला. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या ह्या गावी पाळक फ्लीडनर ह्यांनी सन १८३६ मध्ये इस्पितळ काढून सेविकांचे मंडळ स्थापिले होते. तेथील सेविकांच्या शीलाविषयी कोणास शंका नव्हती. तरी घरची संमती मिळण्यास पाच वर्षे लागली, आणि तीही नाखुशीची! सन १८५१ मध्ये बाई तेथे सुमारे तीन महिने राहिल्या. पहाटे पाचास उठणे, साधे अन्न, दिवसभर रोग्यांची सेवा. शस्त्रक्रियेच्या वेळीही त्या हजर राहिल्या.

तेथील भक्तिभाव त्यांनी जन्मभर वाखाणिला. शुश्रूषेचे शिक्षण मात्र तेथे फारसे नव्हते व स्वच्छता वाईट होती, हेही त्यांनी पुढे स्पष्ट सांगितले.

क्रिमियाच्या युद्धातील त्यांची सेवा वाचकांस ठाऊकच आहे. सन १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची स्वतःची शाळा उघडली. तीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या: वर्षभर रोग्यांच्या खाटांजवळच प्रत्यक्ष शिक्षण, आणि राहण्यास देखरेखीचे घर. पहिल्या वर्गात पंधरा जणी होत्या.