वाळूतून परतलेली मोटार

पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी फिरणाऱ्यांना ओल्या वाळूचा घट्टपणा ठाऊक असतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील गॅरेजांत वेगळेच दृश्य दिसते. एका ट्रकाचा गिअरबॉक्स, दुसऱ्याचा अ‍ॅक्सल, तिसऱ्याचे इंजिन असे जमवून मेस्त्री एक गाडी पुन्हा रस्त्यावर आणतो. घट्ट वाळू आणि जुन्या भागांची जुळवाजुळव या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या. त्यांनीच त्याला जगज्जेता केले आणि त्यांच्यापायीच त्याचा अंत झाला. जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस हे त्याचे नाव.

थॉमस यांचा जन्म ६ एप्रिल १८८४ रोजी वेल्समधील रेक्सम येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लंडनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यानंतर पुढे ते लेलँड मोटर्स या कंपनीचे मुख्य अभियंता झाले. लेलँडचे नाव मालवाहू गाड्यांशी जोडलेले होते. पण थॉमस यांनी तिथे आठ सिलिंडरांची अतिशय महागडी अशी ‘लेलँड एट’ ही आलिशान मोटार घडवली. १९२० मध्ये ती लोकांसमोर आली. तंत्राच्या दृष्टीने ती काळाच्या पुढे होती, परंतु तिला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि जेमतेम दीड डझन गाड्या तयार झाल्या.

अशा अपयशानंतर दुसरा एखादा अभियंता नव्या नोकरीच्या शोधात निघाला असता. थॉमस मात्र मोठ्या पदाची नोकरी सोडून लंडनजवळच्या ब्रुकलँड्स शर्यतपथाच्या आवारातच राहायला गेले. लेलँड एटच्या सांगाड्यावर उभारलेल्या शर्यतीच्या मोटारीने त्यांनी तेथील अनेक शर्यती जिंकल्या. त्या मोटारीची नंतरची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूळ लेलँड एट गाड्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. आज जी एक पाहायला मिळते, ती थॉमस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या सुट्या भागांतून १९२९ मध्ये उभी केलेली आहे.

थॉमस यांना आता जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम हवा होता. त्यासाठी नवी मोटार बांधण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९२४ मध्ये, काउंट लुई झ्बोरोव्स्की हे धनाढ्य शर्यतपटू इटलीतील मोंझा येथे अपघातात मरण पावले. विमानांची इंजिने मोटारींत बसवण्याचा त्यांना छंद होता. मर्सिडीजच्या सांगाड्यावर मेबॅकचे विमान-इंजिन चढवलेली त्यांची ‘चिटी बँग बँग’ प्रसिद्धच आहे. ‘हायम स्पेशल’ ही त्यांची शेवटची मोटार होती. तिच्यात पहिल्या महायुद्धातले २७ लिटरचे अमेरिकन लिबर्टी विमान-इंजिन होते, तर गिअरबॉक्स आणि चाके फिरवणाऱ्या साखळ्यांची योजना युद्धापूर्वीच्या ब्लिट्झन बेंझ या जर्मन मोटारीची होती. युद्धात परस्परांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या देशांचे लोखंड अशा रीतीने एका सांगाड्यात नांदत होते.

ही मोटार थॉमस यांनी १२५ पौंडांना विकत घेतली. तिला त्यांनी चार झेनिथ कार्ब्युरेटर आणि स्वतः आखलेले पिस्टन बसवले व तिचे नाव ‘बॅब्ज’ ठेवले. एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या वालुकामय किनाऱ्यावर ती धावली. पहिल्या दिवशी तिने जुना विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिल रोजी, तिने ताशी २७५ किलोमीटरचा वेग गाठून स्वतःचाच विक्रम मागे टाकला.

फेब्रुवारी १९२७ मध्ये त्याच किनाऱ्यावर माल्कम कॅम्पबेल यांनी ताशी २८१ किलोमीटरचा वेग गाठला. गेलेला विक्रम परत मिळवण्यासाठी ३ मार्च १९२७ रोजी थॉमस पुन्हा पेंडाइनला उतरले. भरधाव वेगात बॅब्ज उलटली आणि थॉमस जागीच मरण पावले. त्यांचे वय अवघे ४२ होते. भूमीवरील वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना प्राण गमावणारे ते पहिलेच चालक ठरले. सरेमधील बायफ्लीट येथे त्यांचे दफन झाले आणि मोडलेली बॅब्ज पेंडाइनच्या वाळूतच खड्डा खणून पुरण्यात आली. महिना संपण्यापूर्वीच हेन्री सीग्रेव्ह यांनी अमेरिकेत ताशी ३२० किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

बेचाळीस वर्षे समुद्राच्या खाऱ्या पाण्याने बॅब्जला कुरतडले. १९६९ मध्ये वेल्समधील अभियांत्रिकीचे अध्यापक ओवेन विन ओवेन यांनी परवानगी मिळवून ती बाहेर काढली. तुटलेली साखळीच थॉमस यांच्या जिवावर बेतली, असे तोवर मानले जात होते. अवशेषांची तपासणी झाल्यावर मागच्या चाकाचा दोष अधिक संभवनीय वाटू लागला. ओवेन यांनी पुढची अनेक वर्षे या गाडीला दिली. जे टिकले होते ते साफ करून वापरले आणि जे गंजून गेले होते ते नव्याने घडवले वा मिळवले. अखेर ते लिबर्टी इंजिन पुन्हा गरजले.

इतके भाग बदलल्यावर ही जुनी बॅब्ज कशी म्हणावी, असा प्रश्न पडू शकतो. जुन्या मोटारींच्या जगात या प्रश्नावर कडवे वाद होतात. इथे मात्र त्याचे उत्तर थॉमस यांच्या चरित्रातच मिळते. ज्या दिवशी बॅब्जने विक्रम केला, त्या दिवशीही ती अस्सल नव्हतीच. तिचे हृदय अमेरिकन होते, गिअरबॉक्स जर्मन होता, सांगाडा एका मृत मित्राच्या हौसेचा होता. या सगळ्यांना एका चालीत आणणारी बुद्धी तेवढी थॉमस यांची होती. कोणता भाग कोणत्या भागाशी जुळेल आणि किती ताण सोसेल, याचा निर्णय हीच कारागिराची खरी सही. एका ठिकाणी तो निर्णय चुकला आणि त्याची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली.

डिचोलीतील मेस्त्रीही तीन ट्रकांची एक गाडी जुळवताना रोज असाच निर्णय घेत असतो. त्याच्या जोडकामावर घाटातल्या चालकाचा जीव अवलंबून असतो. बॅब्ज आज पेंडाइनच्या संग्रहालयात पाहायला मिळते. ज्या वाळूने तिला गिळले, ती वाळू तेथून हाकेच्या अंतरावर आहे.