सयाजीराव महाराज आणि ग्रंथपालांची शाळा

ग्रंथालयाच्या शताब्दीग्रंथात संस्थापकांची, देणगीदारांची आणि वाढत गेलेल्या ग्रंथसंख्येची नोंद असतेच. पुस्तक वाचकाच्या हाती देणाऱ्या माणसाची नोंद मात्र अभावानेच आढळते. ग्रंथ विकत घेणारे राजे आपल्या देशात पुष्कळ होऊन गेले. ग्रंथपाल घडविण्यासाठी राज्याचा पैसा खर्च करणारा राजा एकच डोळ्यांसमोर येतो, तो म्हणजे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे). सक्तीचे शिक्षण, अस्पृश्यांसाठी काढलेल्या शाळा, डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये दिलेली परदेशातील शिष्यवृत्ती यांसाठी त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. त्या मानाने त्यांची ग्रंथपालांची शाळा उपेक्षित राहिली, म्हणून त्या अंगाने त्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

सौसर-पांढुर्णा भागातील मराठी वाचकाला बडोदे परके वाटण्याचे कारण नाही. तेथे राजघराणे मराठी आणि प्रजा बव्हंशी गुजराती होती. कचेरीची भाषा एक, घरची दुसरी आणि वरिष्ठ सत्तेची तिसरी. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात गेले. तेव्हापासून माजघरात मराठी आणि तहसिलीत हिंदी असा संसार आपणही करीत आलो आहोत. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हा संसार बदललेला नाही.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मधला, नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. गायकवाडांच्या दूरच्या शाखेतील हे शेतकरी कुटुंब. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी त्याच वर्षी २७ मे रोजी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. ज्या वयात सरदारांची मुले दोन-तीन भाषा लिहू-वाचू लागत, त्या वयात या मुलाला अक्षरओळखही जेमतेमच होती. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास सुरू झाला आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. उशिरा शिकलेल्या माणसाला शिकविणाऱ्याचे मोल अधिक कळते. महाराजांच्या पुढच्या कारभारात शिक्षकाला जे स्थान मिळाले त्याचे मूळ या सहा वर्षांत असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्यांच्या वाचनाची एक रीत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. प्रकृतीच्या तक्रारी आणि निद्रानाश यांमुळे महाराज पुष्कळ वाचन दुसऱ्याकडून करवून घेत. या वाचकाच्या जागेवर १८८९ मध्ये एक तरुण पदवीधर नेमला गेला. ते गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजेच पुढचे रियासतकार. हव्या त्या विषयावरचे पुस्तक शोधणे, त्यातले महत्त्वाचे तेवढे वाचून दाखविणे, टिपणे काढणे, राजपुत्रांना शिकविणे, अशी त्यांची चाकरी होती. मॅकियाव्हेली आणि सीली यांच्या ग्रंथांचे मराठी अनुवाद त्यांनी याच काळात केले, आणि राजपुत्रांना शिकविण्याच्या गरजेतून रियासतींची मालिका उभी राहिली. आज ज्याला आपण संदर्भसेवा म्हणतो ती याहून फारशी वेगळी नाही. विचारणाऱ्याला नेमके काय हवे ते ओळखायचे, ते कोठे सापडेल हे ठाऊक असायचे आणि सापडलेले त्याच्या उपयोगी पडेल अशा रूपात त्याच्यापुढे ठेवायचे. राजवाड्यात एका माणसाला मिळणारी ही सेवा पुढे राज्यातील कोणालाही मिळावी अशी व्यवस्था महाराजांनी केली.

त्याची निकड शिक्षणातूनच निर्माण झाली. अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. चौथी शिकलेला मुलगा शेतावर गेला, की चार-पाच वर्षांत अक्षरे विसरतो, हे कोणत्याही शाळामास्तराला ठाऊक आहे. शिकलेले टिकवायचे तर गावात वाचावयास काही हवे. चरोतर भागात मोतीभाई अमीन या तळमळीच्या गुजराती शिक्षकाने मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये काढण्याचा उद्योग आधीच आरंभिला होता. राज्याला ते सूत्र उचलता आले.

१९१० च्या परदेशप्रवासात महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. आपला एखादा संस्थानिक तेथून फार तर पुस्तकांचे पेटारे घेऊन आला असता. महाराजांनी ग्रंथपाल आणला. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचे प्रमुख विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी तीन वर्षांसाठी बडोद्यास बोलाविले. राजवाड्यातला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाच्या हवाली केला. बॉर्डन यांनी ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून स्वतंत्र वर्गीकरण बसविले. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. वाचकाने स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक काढावे ही मोकळीक त्या काळात धाडसाचीच होती.

परंतु बॉर्डन यांचे सर्वांत दूरगामी कार्य कपाटांत दिसणारे नव्हते. १९११ मध्ये त्यांनी बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग उघडला. भारतातील हा असा पहिलाच वर्ग. ड्यूई यांनी कोलंबिया महाविद्यालयात जगातली पहिली ग्रंथपालन शाळा काढली ती १८८७ मध्ये. त्यानंतर अवघ्या चोवीस वर्षांत ती विद्या गुजरातेत येऊन पोहोचली. लाहोरला डिकिन्सन यांचा वर्ग निघाला १९१५ मध्ये, आणि मद्रासला रंगनाथनांच्या प्रेरणेने प्रशिक्षण सुरू झाले ते १९२९ मध्ये.

या वर्गाचा आराखडा विचार करण्याजोगा आहे. वर्ग मध्यवर्ती ग्रंथालयाच्या आश्रयाने भरे. सकाळी शिकलेले तिसऱ्या प्रहरी प्रत्यक्ष वाचकापुढे पारखता येईल अशीच ही रचना होती. शिवाय एकदा शिकून माणूस कायमचा शहाणा होतो अशी भोळी समजूतही तेथे नव्हती. शिकून कामाला लागलेल्या मंडळींनी एकत्र येऊन चर्चा करावी म्हणून बडोद्यात लायब्ररी क्लब स्थापन झाला, आणि त्याच्या वतीने १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांत निघू लागले. पुढे सात-आठ वर्षे ते चालले. ग्रंथालयशास्त्रावर मराठीतून नियमित लिहिले जाण्याची सुरुवात पुण्या-मुंबईत झाली नसून बडोद्यात झाली, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

तीन भाषांचा हा आग्रह संदर्भसेवेच्या दृष्टीने किती योग्य होता, हे सीमेवर राहणाऱ्यांना सांगावे लागू नये. जामसांवलीला हनुमान जयंतीस नागपुराहून, छिंदवाड्याहून माणसे येतात. पहुडलेल्या मारुतीचे दर्शन घेऊन झाल्यावर एखादा चिकित्सक भाविक मूर्ती केव्हाची असे विचारतो. कोणी पांढुर्ण्याच्या गोटमारीचे मूळ विचारतो, तर संत्र्याच्या बागायतदाराला आजोबांच्या वेळची जमिनीची मोजणी हवी असते. प्रश्न मराठीत येतो. त्याचे उत्तर, असलेच तर, इंग्रजीत १९०७ साली निघालेल्या छिंदवाडा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, जुन्या बंदोबस्ताच्या अहवालात किंवा हिंदी दप्तरात असते. दंतकथा कोणती आणि नोंद कोणती, हा भेद विचारणाऱ्याच्या श्रद्धेला धक्का न लावता सांगावा लागतो. उत्तर नसेल तर नाही म्हणण्याचेही एक शास्त्र आहे. आजचा वाचक फोनवरची पाच उत्तरे सोबत घेऊनच येतो आणि त्यांतले खरे कोणते ते विचारतो. काम सोपे झालेले नाही. ही विद्या उपजत येत नाही, आणि केवळ जुना सेवक आहे म्हणूनही येत नाही.

बॉर्डन १९१३ मध्ये मायदेशी परतले. त्यांची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी उचलली. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीची समग्र हकिकत त्यांनी १९१९ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केली. त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त आले, आणि मोतीभाई अमीनांचा अनुभवही राज्याने आपल्या सेवेत घेतला. गावच्या वाचनालयाचा भार लोक, पंचायत आणि सरकार यांनी सारखा वाटून घ्यायचा असा नियम होता. जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात आणि वाहतुकीचा खर्च राज्य सोशी.

महाराजांना संदर्भसाधनांचेही महत्त्व कळत होते. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला, १९२७ मध्ये सिद्ध झालेली प्राच्यविद्या संस्था आणि १९३१ मधला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश ही त्याची फळे. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ते केवळ राजेपणाचा मान म्हणून मिळाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बॉर्डन यांची वर्गीकरणपद्धती बडोद्याबाहेर रुजली नाही. सारी यंत्रणा एका माणसाच्या इच्छेवर उभी होती. ज्या राजाने ग्रंथालये दिली त्याच्या राज्यात ती मागण्याचा हक्क प्रजेला कायद्याने मिळालेला नव्हता. शेजारच्या संस्थानिकांनी बडोद्याचे राजवाडे पाहिले, मेजवान्या घेतल्या. ग्रंथपालांचा वर्ग मात्र फारच थोड्यांच्या डोळ्यांत भरला. इतिहासकारांचेही तसेच. १९११ मधील सयाजीराव म्हटले, की दिल्ली दरबारात बादशहाला केलेल्या मुजऱ्याचा वाद सर्वांना आठवतो. त्याच वर्षी बडोद्यात कोण काय शिकत होते ते कोणी विचारीत नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. त्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग निघाला तो १९५६ मध्ये. आपली सीमारेषा आखली गेली त्याच वर्षी नागपूर विद्यापीठानेही ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू केले, आणि पुढच्या वर्षी उज्जैनला विक्रम विद्यापीठात त्याचा आरंभ झाला. सौसरच्या मुलाला राज्य उज्जैनचे, पण गाडी नागपूरची सोयीची.